इंग्रजी शब्दांचे मराठीकरण : सामान्यरूपाची कसोटी

तत्सम, तद्भव, देशी व परभाषीय हे प्रचलित वर्गीकरण शब्दाचे कूळ सांगते. भाषेतील त्याचे स्थान सांगत नाही. मुंबईच्या उपनगरांतील प्रवासाशी निगडित शब्द या दृष्टीने उद्बोधक आहेत. ‘तिकीट’ हा शब्द मूळचा इंग्रजी. परंतु त्याने नपुंसकलिंग स्वीकारले, ‘तिकिटे’ हे अनेकवचन घेतले आणि ‘तिकिटाला’ या रूपात उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व केला. ‘शरीर’ या तत्सम शब्दाचे ‘शरीराला’ होताना असा ऱ्हस्व होत नाही. म्हणजे या नियमापुरते ‘तिकीट’ अधिक मराठी ठरते. ‘स्टेशन’ मध्यावर आहे : ‘स्टेशनावर’ व ‘स्टेशनवर’ अशी दोन्ही रूपे आढळतात. ‘बसेस’ हे अनेकवचन तर इंग्रजी प्रत्ययासहच आले. औपचारिक लेखनात ‘बसगाड्या’ हा संकरित समास त्याची जागा घेतो.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला. शासनव्यवहारात संस्कृतोद्भव पर्याय रूढ झाले, त्यांतच ‘स्थानक’ येते. तथापि लोकलगाडीतील उद्घोषणा ‘पुढील स्टेशन घाटकोपर’ अशी ऐकू येते. सबब, परभाषीय म्हणून एखादा शब्द औपचारिक लेखनातून वगळण्यापूर्वी तो मराठीची विभक्ती कितपत पेलतो, हे तपासणे श्रेयस्कर होय.