शेक केव्हां द्यावा, गारवा केव्हां ?

आषाढ लागला कीं मुळशी तालुक्यांतील भातखाचरांत लावणीची एकच घाई उडते. पौडच्या आसपासच्या गांवांत आंबेमोहराचीं किंवा इंद्रायणीचीं रोपें तयार झालेलीं असतात, पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं आणि मजूर मागितल्या वेळीं मिळत नाहीं. अशा ऐन हंगामांत घरचा कर्ता माणूस निसरड्या बांधावरून घसरला आणि पाय मुरगळून बसला, म्हणजे सारें काम खोळंबतें. लावणी लांबली कीं रोप वाफ्यांतच जून होतें व पुढें त्यास फुटवा कमी येतो. दुखापतीच्या औषधास फारसा पैसा लागत नाहीं. परंतु विनाकारण लांबलेल्या दुखण्याची किंमत सुगीच्या राशींतून द्यावी लागते. आणि पुष्कळदां तें दुखणें आपणच आपल्या हातानें लांबवितों, हें आमच्या वाचकांच्या नजरेस आणावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

पाय मुरगळला कीं त्याच रात्रीं तेल लावून जोरानें चोळावयाचें आणि वर तापल्या विटेचा शेक द्यावयाचा, ही चाल घरोघर आहे. हेतु चांगला, पण वेळ चुकीची. घोटा मुरगळतो तेव्हां सांध्याचीं हाडें बांधून ठेवणारे बंध ताणले जातात किंवा थोडेबहुत तुटतात. त्यांतील बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त व पाणी भोंवतालीं झिरपतें, तीच सूज. उष्णतेनें रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणजे झिरपणें वाढतें. चोळण्यानें तुटलेले तंतु आणखी तुटतात. गारव्यानें वाहिन्या आकसतात आणि वेदनेची वर्दी नेणाऱ्या मज्जातंतूंचें काम मंदावतें. म्हणून ताज्या मारास, सूज व ठणका असेपर्यंत, साधारण पहिले दोन-तीन दिवस गारवाच योग्य.

याच्या उलट, दिवसभर वांकून लावणी केल्यानें कंबर धरते, ओझें वाहून मान आंखडते किंवा जुना सांधा सकाळीं ताठरतो. तेथें कांहीं तुटलेलें नसतें, सूज नसते. स्नायु आंवळून बसलेले असतात. उबेनें रक्ताचा ओघ वाढतो, स्नायु सैल होतात आणि हालचाल सुकर होते. तो प्रांत शेकाचा.

मग आपल्याकडे सरसकट शेकाचीच चाल कां पडली ? आम्हांस वाटतें, याचें एक कारण साधें आहे. विस्तव प्रत्येक चुलींत होता. बर्फ मात्र नव्हता. मुंबईसारख्या शहरांतही बर्फ प्रथम आला तो १८३४ सालीं, अमेरिकेहून गलबतानें. तथापि शेक कोणासही, केव्हांही द्यावा असें आपलें जुनें शास्त्रही सांगत नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौदाव्या अध्यायांत स्वेदाचे तेरा प्रकार दिले आहेत, आणि त्याच अध्यायांत कोणास स्वेद देऊं नये याचीही यादी आहे. त्या यादींत मधुमेही मनुष्य आहे. आजचे डॉक्टरही हेंच बजावतात. कारण मधुमेहानें ज्याच्या पायांची संवेदना गेली, त्यास कातडी भाजली तरी कळत नाहीं.

गारवा द्यावयाची रीत अशी. बर्फाचे खडे पिशवींत घालून त्यावर ओलें फडकें गुंडाळावें. उघडा बर्फ कातडीवर ठेवल्यास कातडी दुखावते. एका वेळीं १० ते २० मिनिटें ठेवावें, नंतर काढावें, आणि दोन-तीन तासांनीं पुन्हां द्यावें. बर्फ नसल्यास विहिरीच्या किंवा माठाच्या पाण्यांत भिजविलेली घडी ठेवावी व ती वारंवार बदलावी. पाय उशीवर उंच ठेवावा. पट्टी बांधावी, पण बोटें काळीनिळीं पडतील इतकी आंवळूं नये.

शेकासाठीं तव्यावर तापविलेल्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी उत्तम. प्रथम आपल्या मनगटाच्या आंतल्या बाजूस लावून पाहावी. तेथें सोसेल तेवढीच ऊब पुरे. रबरी पिशवींत उकळतें पाणी भरूं नये, व ती टॉवेलांत गुंडाळूनच लावावी. शेक १५ ते २० मिनिटें द्यावा आणि शेकतां शेकतां झोपूं नये.

गारव्याचाही अतिरेक नको. विश्रांति, बर्फ, पट्टी आणि उंची या चार उपायांचें सूत्र १९७८ सालीं रूढ करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीं स्वतःच २०१४ सालीं लिहिलें कीं, सूज हा भरून येण्याचाच एक भाग असून फार वेळ बर्फ लावल्यास तें काम मंदावूं शकतें. तात्पर्य, गारवा हा पहिल्या दिवसांत वेदना सोसवण्यापुरता. पुढें सोसेल तसा पाय हळूहळू हलविणें हेंच खरें औषध.

कांहीं ठिकाणीं मात्र घरगुती उपायावर विसंबणें धोक्याचें आहे. चार पावलेंही टाकवत नसतील, घोट्याचें हाड दाबतांच असह्य कळ येत असेल किंवा अवयव वांकडा दिसत असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. भाजल्यास २० मिनिटें साधें वाहतें पाणी घ्यावें. बर्फ किंवा तूप लावूं नये. सर्पदंशावर बर्फ नको, शेक नको, चिरा नको, करकचून बांधणेंही नको. माणसास धीर देऊन तो अवयव हलूं न देतां, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, सर्पविषावरील लस असलेल्या सरकारी रुग्णालयांत तडक न्यावें.

बैलाच्या पायासही हाच न्याय. ताज्या लचकेवर दिवसांतून दोन-तीनदां गार पाण्याची धार धरावी किंवा त्यास ओढ्याच्या उथळ पाण्यांत उभें करावें. सूज ओसरल्यावर सोसेल असा शेक द्यावा. तापल्या लोखंडाचा डाग देण्याची चाल तर टाकूनच द्यावी. डागानें आंतला बंध सांधत नाहीं. मुक्या जनावरास जखम मात्र होते. बैल पाय टेकीत नसल्यास पशुवैद्यास दाखवावें.

लावणीपूर्वीं आपण बियाणें, खत, इरलीं या सर्वांची तजवीज करतों. तींतच एक लांब पट्टी आणि मिठाची एक पुरचुंडी यांची भर घालावी, आणि घरांतील लहानथोरांस एवढें सांगून ठेवावें: सुजलें आहे तोंवर गारवा, आंखडलें असेल तर शेक.