मेढेकोटातले कंपनी सरकार

‘कंपनी सरकार’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुरतेची वखार आणि मुंबईचा किल्ला उभा राहतो. परंतु व्यापारी मंडळीने राजाची सनद घेऊन परमुलखात अंमल बसवावा, या प्रकाराचे सुरतेच्या वखारीपूर्वीचे एक प्रकरण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घडले, आणि त्यातील विशेष असा की, तेथे कंपनीच्या हुकमतीचा वरवंटा तिच्या स्वतःच्या इंग्रज माणसांवरही फिरला.

पहिल्या जेम्स राजाने १६०६ साली व्हर्जिनिया कंपनीस सनद दिली आणि पुढील वर्षीच्या मे महिन्यात १०४ पुरुष व मुलगे ज्या नदीकाठी वस्तीस उतरले, त्या नदीला आणि वसाहतीला दोहोंनाही राजाचेच नाव मिळाले. जेम्सटाउनचा कारभार कोणी पाहावयाचा, हे निघताना कोणासच ठाऊक नव्हते. कारण कारभारी मंडळींची नावे मोहोरबंद पेटीत होती, आणि किनारा गाठल्यावर ती उघडली तेव्हा प्रवासात कैदेत पडलेल्या जॉन स्मिथचेही नाव तीत निघाले. जागा दलदलीची, पाणी समुद्राच्या भरतीने मचूळ झालेले. जानेवारी १६०८ पर्यंत अवघे ३८ जण उरले. तेथील मूळ रहिवासी पोवाटन लोकांकडून तांबे व मणी देऊन मका मिळे, न मिळाल्यास तो बळाने आणला जाई. अखेर पोवाटनांनी वसाहतीचा मेढेकोट कोंडून धरला, तेव्हा १६०९-१० च्या हिवाळ्यात घोडी, कुत्री, उंदीर यांवर आणि शेवटी मृतदेहांवर निर्वाह करण्याची पाळी आली. वसंतात, मागाहून आलेले धरूनही, कोटात जिवंत आढळली ती सुमारे ६० माणसे.

या दुर्दशेवर टॉमस गेट्स आणि टॉमस डेल या अधिकाऱ्यांनी योजलेला उपाय लष्करी शिस्तीचा होता. त्यांनी जारी केलेली व १६१२ साली लंडनात छापली गेलेली कायदेसंहिता म्हणजे तत्कालीन दिनचर्येचे दप्तरच होय. नित्याची प्रार्थना चुकविल्यास प्रथम दिवसाचा शिधा बंद, दुसऱ्यांदा फटके, तिसऱ्यांदा सहा महिने सक्तमजुरी; कोठारातील चोरीस देहान्त, आणि परवानगीवाचून आपलीच कोंबडी मारली तरी देहान्त! याच संहितेत विहिरीपासून वीस फुटांच्या आत भांडे विसळू नये, शौचास कोटापासून पाव मैल दूर जावे, असेही हुकूम आहेत. ते वाचताना धर्म आणि राजनिष्ठा यांच्या घोषामागचा तो घाणेरडा पाणवठा स्पष्ट दिसू लागतो.

तथापि नगाऱ्याच्या ठोक्यावर माणूस शेतात उभा राहतो, त्याची कुदळ चालतेच असे नाही. पीक सामाईक कोठारात जाई आणि शिधा तेथूनच मिळे. मग घाम कोणी गाळावा? हे उमजून डेलनेच १६१४ च्या सुमारास अनेकांस तीन-तीन एकर जमीन लावून दिली व मोबदल्यात वर्षाकाठी महिनाभराची चाकरी आणि अडीच पिंपे मका घेण्याचे ठरविले. तिकडे जॉन रॉल्फ या वसाहतकऱ्याच्या तंबाखूने नफ्याची वाट दाखविली होतीच. माणसे टिकवावयाची तर त्यांना जमीन आणि मसलतीत जागा दिली पाहिजे, हा हिशेब कंपनीस पटला आणि ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये २२ प्रतिनिधींची सभा भरली. तिने तंबाखूचा भाव बांधला, जुगार व मद्यपान यांवर निर्बंध घातले आणि असह्य उकाड्यामुळे ४ ऑगस्टला ती उठली. ज्यांची ती भूमी, त्या पोवाटनांस सभेत स्थान नव्हते. आणि ऑगस्टअखेर वीसहून थोड्या अधिक आफ्रिकी माणसांचा धान्यसामग्रीच्या मोबदल्यात सौदा झाला, तेव्हा फुकटच्या घामाचा प्रश्न कसा सुटणार, हेही दिसू लागले.

या कंपनीचे लंडनमधील सूत्रधार सर टॉमस स्मिथ हेच ईस्ट इंडिया कंपनीचेही प्रमुख होते. डेलसुद्धा पुढे पूर्वेकडील आरमाराचा अधिकारी झाला आणि जेम्सटाउनची सभा उठली त्याच ऑगस्टात मच्छलीपट्टणला मरण पावला. व्हर्जिनिया कंपनीची सनद १६२४ साली रद्द झाली; परंतु हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर ईस्ट इंडिया कंपनीची गलबते लागत होती, त्यांतून व्हर्जिनियातल्या कोठाराच्या किल्ल्या वागविलेले हात यापूर्वीच येऊन गेले होते.