नशेतला तक्ता

जुने व्हिडिओ गेम खेळण्यात मला फारशी गोडी नाही. वेड आहे ते त्यांच्या पोटातल्या कोडचं. त्या वेडापायीच ‘एन्टूम्ड’ नावाच्या गेमशी गाठ पडली. 1982 साली अटारी 2600 या गेम-कन्सोलसाठी आलेला, दुर्लक्षित राहिलेला गेम. भुयारात अडकलेला पुरातत्त्वज्ञ, वाटेत झोंबी, पडद्यावर सतत वर सरकणाऱ्या भिंती. वाट खुंटली, तर हाती लागलेला ‘मेक-ब्रेक’ वापरून भिंत फोडायची. प्रकाशक यूएस गेम्स, म्हणजे ओट्सवाल्या क्वेकरची कंपनी. गेमच्या लाटेत हात धुऊन घ्यायला निघालेल्या क्वेकरने 1983च्या गेम-बाजाराच्या पडझडीत हे दुकान गुंडाळलं. इथवर गोष्ट नेहमीचीच.

खरी मौज त्या भिंतींत आहे. अटारी 2600ची कामाची मेमरी 128 बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट! एवढ्याशा जागेत लांबलचक भुयार साठवून ठेवणं शक्यच नव्हतं. खेळ चालू असतानाच ते रचत न्यायचं. त्यातही डावी बाजूच रचायची, उजवीकडे तिचं प्रतिबिंब. नवं घर भरताना प्रोग्राम पाच शेजारी बघतो: डावीकडचे दोन आणि वरच्या ओळीतले तीन. स्वेटर विणणारी बाई मागची ओळ आणि सुईवरचे शेवटचे टाके बघून पुढचा टाका घालते, तसं. प्रत्येक शेजारी एक तर भिंत, नाही तर वाट. म्हणजे एकूण 32 शक्यता. प्रत्येक शक्यतेचं उत्तर एका तक्त्यात लिहिलेलं: भिंत घाला, वाट सोडा किंवा नशिबावर सोपवा.

या तक्त्यापाशीच जॉन एकॉक आणि टारा कॉपलस्टोन हे संशोधक अडले. एकॉक कॅलगरी विद्यापीठाचे, कॉपलस्टोन यॉर्क विद्यापीठाच्या. कार्ट्रिजमधले बाइट उलगडत त्यांनी या गेमचं अक्षरशः उत्खनन केलं. पण तक्त्यातली उत्तरं ठरली कशी, ते काही केल्या उमगेना. मग त्यांनी गेमचा प्रोग्रामर स्टीव्ह सिडली याला गाठलं. त्याने सांगितलं, हा भाग आपल्याला दुसऱ्या एकाकडून मिळाला आणि त्याला तो सुचला म्हणे दारू पिऊन तर्र असताना! दोघांचा शोधनिबंध गाजला आणि त्यातला तक्ता मागे पडून दारूच पुढे आली. नशेत लिहिलेलं, कुणालाही न उलगडलेलं कोडं, अशी आख्यायिका जगभर फिरली. सिडली पुढे दक्षिण आफ्रिकेतला नावाजलेला कादंबरीकार झाला, हे कळल्यावर मी गालातल्या गालात हसलो.

मला ही गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. तक्ता नीट वाचा. पाचही शेजारी मोकळे असतील, तर भिंत येते. पाचही भिंती असतील, तर वाट सुटते. पटांगण नको आणि ठोकळाही नको, एवढी शुद्ध त्यात उघड दिसते. 2021मध्ये लेओन मेख्लर आणि डेव्हिड नकाश यांनी तक्त्यामागचा हेतू उलगडून दाखवणारा निबंध लिहिला. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे पॉल अ‍ॅलन न्यूएल स्वतः पुढे आला. भुयार रचण्याची युक्ती त्याची आणि डंकन म्यूरहेडची. न्यूएलने तेव्हाची कागदपत्रं आणि कोड जपून ठेवला होता. 2022च्या पुढच्या निबंधावर एकॉक आणि केटी बिटनर यांच्याबरोबर लेखक म्हणून त्याचंही नाव आहे. उत्खननात सापडलेला माणूसच उत्खननाचा अहवाल लिहायला बसला, असं पुरातत्त्वात सहसा घडत नाही!

आख्यायिकेला एवढी मोकळी जागा मिळाली, याचं कारण त्या धंद्याच्या रीतीत होतं. अटारी गेमवर प्रोग्रामरचं नाव घालत नसे. त्याच रागातून तिथले चौघे बाहेर पडले आणि 1979मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन उभी राहिली. जिथे कर्त्याचं नाव नाही, तिथे दंतकथा राहायला येते. आणि ‘झिंगलेला प्रतिभावंत’ ही दंतकथा आपल्याला फार आवडते, कारण तिच्यात मेहनत मोजावी लागत नाही. न्यूएलच्या कागदांनी ती मेहनत पुन्हा हिशेबात आणली. सिडलीची गोष्ट रंजक आहे, पण माझं मत त्या कागदांना.