'पाठ' : रूप एक, शब्द दोन

शरीराच्या मागील भागास मराठीत 'पाठ' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'पृष्ठ' यापासून आला. प्राकृतात 'ऋ'च्या जागी 'अ' येऊन 'पट्ठ' असे रूप झाले; पुढे मराठीत जोडाक्षर सुटले व त्याआधीचा स्वर दीर्घ होऊन 'पाठ' बनले. 'कर्ण', 'कण्ण', 'कान' येथेही शेवटची पायरी हीच आहे. हिंदीत मात्र 'ऋ'च्या जागी 'इ' आल्यामुळे त्याच शब्दाचे 'पीठ' झाले.

पुस्तकातील 'पाठ' हा अगदी निराळा शब्द होय. वाचणे, म्हणणे या अर्थाच्या 'पठ्' धातूपासून तो झाला असून संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. शरीराची ती पाठ, पुस्तकातील तो पाठ. म्हणून दप्तर 'पाठीवर', पण प्रश्न 'पाठावर'. 'पाठीराखा', 'पाठचा भाऊ' हे पहिल्या कुळातील; 'पाठांतर', 'पाठशाळा' हे दुसऱ्या.

हा भेद लहान मुलास व्याख्येने उमगत नाही. शिक्षकांनी दोन्ही प्रकारची वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि 'ती' की 'तो', हे मुलांकडूनच काढून घ्यावे.