थेंबभर पाण्यातील जीवसृष्टीचे घरबसल्या दर्शन

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी परिसरात येडियूर तलाव आहे. त्याच्या काठचे चमचाभर पाणी, अथवा गच्चीवरील कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यास त्यात अनेक जिवंत जीव हिंडताना दिसू शकतात. त्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही.

डेल्फ्ट येथील कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यातील असे जीव पाहिले, तेही एकाच भिंगाच्या हातातील उपकरणातून. मूळ मेरठचे आणि आयआयटी कानपूरचे पदवीधर असलेले स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक मनू प्रकाश यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तयार केलेला कागदी ‘फोल्डस्कोप’ही एकाच भिंगावर चालतो. २०१४ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तो सुमारे १४० पट मोठी प्रतिमा दाखवतो. शाळेतील साधा सूक्ष्मदर्शकही या कामास पुरेसा आहे.

तळाचा गाळ आणि शेवाळाचा तुकडा यांसह पाणी घ्यावे. केवळ वरच्या स्वच्छ पाण्यात फारसे काही सापडत नाही. नळाच्या पाण्यात वाळलेले गवत भिजवायचे असल्यास क्लोरीन निघून जाण्यासाठी ते पाणी आधी एक दिवस उघडे ठेवावे. काचपट्टीवर कापसाचे दोन-चार धागे ठेवून मग थेंब टाकल्यास वेगाने पळणारा पॅरामिशियम त्यांत अडकून मंदावतो. (शास्त्रीय वर्गीकरणानुसार हा एकपेशीय जीव ‘प्राणी’ नव्हे, परंतु पाहणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.) रोटिफरच्या तोंडाभोवतीचे केस फिरत्या चाकांसारखे भासतात. पारदर्शक डॅफ्नियाचे धडधडणारे हृदय तर थेट दिसते.

झटके देत पोहणारा पांढरट ठिपका मात्र विशेष लक्षपूर्वक पाहावा. तो सायक्लॉप्स असू शकतो. एकेकाळी महाराष्ट्र आणि कर्नाटकासह अनेक राज्यांत आढळणाऱ्या नारू रोगाचा प्रसार याच जीवामार्फत होत असे. नारूच्या अळ्या गिळलेला सायक्लॉप्स पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला की सुमारे वर्षभराने रुग्णाच्या पायातून हातभर लांबीचा किंवा त्याहूनही मोठा जंत बाहेर पडे. पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाण्यात उतरत, तेथे हे चक्र पुन्हा सुरू होई. पाणी दाट कापडातून गाळण्याचा साधा उपाय परिणामकारक ठरला, कारण सायक्लॉप्स त्यातून पार होत नाही. देशातील अखेरचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

घरात पाण्याची बरणी ठेवताना तोंडाला बारीक कापड बांधणे अत्यावश्यक आहे, अन्यथा डेंग्यू पसरवणारे डास त्यात अंडी घालतात. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्यास पाणी गटारात न टाकता कोरड्या मातीवर ओतावे. निरीक्षणानंतर साबणाने हात धुवावेत आणि ही भांडी स्वयंपाकघरातील भांड्यांत मिसळू नयेत.