धुराची जाळी काढल्याने कटकट मिटते का?

मालवाहू डिझेल पिकअपचा दिवा लागला, गाडी ओढेनाशी झाली आणि वर्कशॉपने मोठा खर्च सांगितला, की कोणीतरी हमखास सुचवतो, ‘डीपीएफ काढून टाका, कटकट मिटेल.’ मी विलेपार्ले येथे छातीच्या विकारांवर उपचार करतो. गाडीची दुरुस्ती हा माझा प्रांत नव्हे. परंतु या सल्ल्याचे परिणाम माझ्या दवाखान्यात येतात, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम हे भाग काय करतात ते पाहू. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ मानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले. डीपीएफ ही सायलेन्सरच्या मार्गातील जाळी धुरातील काजळी अडवते. ईजीआर हा झडपेचा भाग थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवून नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू कमी करतो. काही गाड्यांत त्याच कामासाठी युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, वापरतात. जाळी काढली किंवा झडप बंद केली, तर हे सारे पदार्थ सरळ रस्त्यावर येतात.

काजळीचे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. नाकातील केस किंवा तोंडावरचा रुमाल या कणांना रोखू शकत नाही. ते फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात, काही रक्तातही उतरतात. नायट्रोजनच्या वायूंनी श्वासनलिका सुजते व दमा बळावतो. हृदयविकार असलेल्यांनाही हा धूर घातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या गटात केला. तंबाखूचा धूर याच गटात आहे.

याचा पहिला बळी बहुधा चालकच असतो. माझ्याकडे एक तरुण चालक येतो. पहाटे वाशीच्या बाजारात भाजी भरायची आणि पार्ले स्टेशनच्या पूर्वेला उतरवायची, हे त्याचे रोजचे काम. विडी-सिगारेटचे व्यसन नाही, तरी कोरडा खोकला आणि छातीत आवळल्यासारखे होते. माल उतरेपर्यंत इंजिन चालूच असते आणि हा गाडीच्या मागे उभा. जाळी मालकाने आधीच काढून घेतली होती. गाडी शेठची, निर्णय शेठचा, धूर मात्र याच्या छातीत. त्याच्या दम्याला केवळ ही गाडीच कारण आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु सुटीत गावी गेल्यावर त्रास कमी होतो व कामावर परतताच वाढतो, ही खूण डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाची असते. श्वासाचा पंप त्याला आराम देतो, पण रोजचा धूर थांबल्याशिवाय औषधाचा पुरता उपयोग होत नाही.

‘पीयूसी आहे ना!’ असे अनेकजण सांगतात. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराचा दाटपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. म्हणून प्रमाणपत्र मिळाले म्हणजे धूर निरुपद्रवी ठरला असे नव्हे. फोक्सवॅगन कंपनीने चाचणीपुरता धूर कमी दाखवणारी संगणक प्रणाली गाड्यांत बसवल्याचे २०१५ साली उघड झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात होत्या.

मुंबईकरांनी स्वच्छ हवेसाठी न्यायालयाचे दार ठोठावलेले आहे. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९९९ साली परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे शहरातील टॅक्सी सीएनजीवर आल्या. त्यातून जे साधले, ते गॅरेजातल्या तासाभराच्या कामाने घालवू नये. कायद्याचीही मनाई आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार गाडीत परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

मग जाळी तुंबते त्याचे काय? साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सियसला जळून जाते. शहरातल्या थांबत-थांबत फेऱ्यांत तेवढी उष्णता मिळत नाही, म्हणून ती तुंबते. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

* दिवा लागताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग चालवावी. दिवा दुर्लक्षित ठेवल्यानेच खर्च वाढतो.
* कंपनीने सांगितलेले कमी राखेचे इंजिन ऑइलच वापरावे.
* डीईएफ तयारच घ्यावे. शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकू नये.
* माल चढवता-उतरवताना इंजिन बंद ठेवावे. शाळा व दवाखान्यासमोर तर आवर्जून.
* तीन आठवड्यांहून अधिक खोकला, धाप किंवा छातीत घरघर असल्यास डॉक्टरांना दाखवावे व आपले काम कोणते, गाडी कोणती, हेही सांगावे.

मालकांनी जाळी साफ करण्याचा खर्च मांडताना चालकाच्या औषधपाण्याचा आणि बुडालेल्या खाड्यांचा खर्चही मांडून पाहावा.