भाच्याच्या गाडीचे अठ्ठ्याऐंशी हजार

भाच्याने दसऱ्याला गाडी घेतली. पेट्रोलची, आठ लाखांची. शोरूमच्या कोटेशनमध्ये विमा आणि फास्टॅगच्या शेजारी एक ओळ होती : रोड टॅक्स, ८८,००० रुपये. ती दाखवून तो म्हणाला, "मामा, तुमची अख्खी नोकरी रस्त्यांची बिलं तपासण्यात गेली. हे पैसे आपल्या कल्याण-शीळ रस्त्याला लागणार ना?"

मी म्हटलं, "लागतील, नाहीतर नाही लागणार. कुणालाच सांगता येणार नाही. तशी सोयच ठेवलेली नाही."

मी इंजिनिअर नव्हे. एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत होतो, डोंबिवलीहून रोज जाऊन-येऊन. त्यामुळे रस्ता मला डांबरापेक्षा लेखाशीर्षावरून जास्त ओळखता येतो. भाच्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

वाहनांवर कर लावण्याचा अधिकार घटनेने राज्यांना दिला आहे. आपल्याकडचा कायदा १९५८ चा. खासगी पेट्रोल गाडीची किंमत १० लाखांपर्यंत असेल तर ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. गाडी एमएच-०४ म्हणजे ठाण्याची असो की एमएच-०५ म्हणजे कल्याणची, पैसे एकाच ठिकाणी जातात. '००४१ : वाहनांवरील कर' या शीर्षाखाली ते राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतात. मुद्रांक शुल्क तिथेच, दारूवरचं उत्पादन शुल्कही तिथेच. रस्त्यांचा खर्च दुसऱ्या दोन शीर्षांखाली पडतो : देखभाल-दुरुस्ती '३०५४' मध्ये, नवं बांधकाम '५०५४' मध्ये. ००४१ मधून ३०५४ मध्ये थेट काही जात नाही. वाहन कराचं उत्पन्न आता वर्षाला दहा हजार कोटींच्या वर गेलं आहे, पण त्यातून रस्त्यांवर किती खर्च झाला हा प्रश्न हिशेबाच्या भाषेत विचारताच येत नाही.

गंमत अशी की न्यायालयांना कर आणि रस्ता यांचं नातं दिसतं. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारातच फिरणाऱ्या वाहनांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल लागला : हा कर भरपाईच्या स्वरूपाचा आहे, सार्वजनिक रस्ता वापरलाच नाही तर कर कसला? म्हणजे कर घेताना रस्ता आठवतो, खर्च करताना आठवलाच पाहिजे असं बंधन नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारने रस्त्यांसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. त्यांनी सुचवलं की पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच वेगळा ठेवा. १ मार्च १९२९ पासून तसा निधी सुरू झाला. आजचा केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी हा त्याचाच वंशज. आज तुम्ही पंपावर उभे राहता तेव्हाही पेट्रोल-डिझेलच्या दरात या निधीचा उपकर असतोच. मात्र २२ मे २०२२ ला केंद्राने पेट्रोलवरचा कर ८ रुपयांनी आणि डिझेलवरचा ६ रुपयांनी कमी केला, तो सगळा याच उपकरातून. उरला लिटरमागे पेट्रोलला ५ आणि डिझेलला २ रुपये. लोक खूश झाले, मीही झालो, पण कात्री नेमकी रस्त्याच्या वाट्याला लागली होती.

इंग्लंडमध्येही १९०९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री लॉइड जॉर्जनी रोड फंड काढला होता. पुढे अर्थमंत्री झालेल्या चर्चिलनी त्यातला पैसा इतर खर्चासाठी वळवला. अशा बंदिस्त पेटीवर अर्थखात्याचा डोळा असतोच, मग ते लंडनचं असो की मुंबईचं.

माझी खरी तक्रार मात्र पेटी नसल्याची नाही. कर कधी घेतात आणि रस्त्याला पैसा कधी लागतो, याचा मेळ नसल्याची आहे. खासगी गाडीचा कर एकरकमी असतो. भाच्याचे ८८ हजार पहिल्याच दिवशी तिजोरीत गेले आणि त्याच वर्षाच्या हिशेबात जिरले. गाडी पंधरा वर्षं धावणार. तेवढ्यात डांबरी रस्त्याचा वरचा थर किमान दोनदा तरी नवा करावा लागतो. सातव्या वर्षी पडलेल्या खड्ड्यासाठी भाच्याच्या पैशांतला रुपयाही बाजूला ठेवलेला नसतो.

बरं, खड्डे भाच्याच्या गाडीने पडतही नाहीत. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्याचे तुकडे मुद्दाम बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. त्या प्रयोगातून ढोबळ नियम निघाला तो असा : एक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान सोळापट होतं. न्हावाशेव्याहून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर शीळफाट्यावर रात्री पाहिलेत, तर हा नियम समजायला पुस्तक लागणार नाही. मोठ्या मालवाहू गाड्यांचा कर वजनावर ठरतो, ते योग्यच. पण पासिंगच्या कागदावरचं वजन आणि रस्त्यावर धावणारं वजन एकच असेल, यावर या भागात राहणारा माणूस हसेल.

आणि पैसा मिळाला तरी द्यायचा कुणाला? भाचा डोंबिवलीतून निघतो तेव्हा रस्ता महापालिकेचा. कल्याण-शीळ लागला की एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा. त्याच रस्त्यावर मेट्रो १२ चं काम एमएमआरडीएचं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं. मुंब्रा बायपासला सार्वजनिक बांधकाम विभाग, ठाण्यात शिरलं की ठाणे महापालिका. खड्डा कुणाचा, या वादात कसलाच हिशेब टिकत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये देण्याचा आदेश दिला, तो या सगळ्या यंत्रणांना बांधील धरूनच.

टोलबद्दलही भाच्याने विचारलं. राज्याच्या रस्त्यांवरच्या टोलचा आधार याच १९५८ च्या वाहन कर कायद्यातलं कलम २० आहे. मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके उड्डाणपुलांच्या खर्चासाठी उभे राहिले. ठाणेकर मुलुंडला वर्षानुवर्षं कुरकुरत पैसे भरत राहिले, शेवटी गाडीमागे ४५ रुपये. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना माफी मिळाली, विधानसभेच्या निवडणुकीआधी. कंत्राटदाराची भरपाई आता सरकारने करायची, म्हणजे लोकलला लटकून जाणाऱ्यानेही. टोल वाईट होता, पण तो कशासाठी घेतात हे निदान पाटीवर लिहिलेलं असे.

केरळने २०१६ मध्ये वेगळी वाट धरली. वाहन कराचा ठरावीक हिस्सा, दरवर्षी वाढत ५० टक्क्यांपर्यंत, पायाभूत सुविधांच्या मंडळाला देण्याचं कायद्यातच लिहिलं. पण ते मंडळ त्याच्या जोरावर कर्ज काढून रस्त्यांबरोबर शाळा आणि रुग्णालयंही बांधतं. मला तेवढं नको. सगळा कर रस्त्यांना बांधून टाकावा, असंही मी म्हणणार नाही. गाड्या जिथे जास्त तिथेच पैसा, असं झालं तर गडचिरोलीच्या वाट्याला काय येणार? शिवाय एकत्रित निधीतूनच शाळा चालतात आणि दवाखानेही.

मला हवा आहे वाहन कराचा एक ठरावीक हिस्सा, फक्त ३०५४ साठी. नव्या पुलाला नारळ फोडायला मंत्री येतात, जुन्या रस्त्यावर नवा थर टाकताना कुणी फोटो काढत नाही. म्हणून कायद्याचं संरक्षण लागतं ते देखभालीला, आणि हा हिस्सा रस्ता ज्या यंत्रणेचा तिला मिळाला पाहिजे.

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो. तुमचे आमदार सोसायटीच्या हळदीकुंकवाला किंवा सत्यनारायणाला आले, तर त्यांना दोनच आकडे विचारा : यंदा ००४१ मध्ये किती आले आणि ३०५४ मध्ये किती ठेवले.